आगाऊ

कळलावीच्या कंदात असतं ते औषध
पेशी दुभंगता दुभंगता तिला अर्ध्यात थांबवतं.
नाव कळलं तेव्हा मला हसू आलं होतं.
घरोघरी कळ लावणारी ही,
इथं मात्र वेगळं निघालेल्यांना
उंबऱ्यातच उभं करते.

एरंडवणं. कॉलेजच्या मागची इमारत, दुसरा मजला,
साल सत्त्याऐंशी.
होनप सर म्हणायचे, थेंब छातीच्या उंचीवरून सोडा, मंगरुळकर,
गार काचेवर. फुटू दे त्याला.
मग फोटो, मग अंधारखोली,
आणि कागद वाळले की माझी कात्री,
नखं कापायची, टोकाला वाकडी.
एकेक गुणसूत्र कापायचं, त्याचा जोडीदार हुडकायचा,
थोरल्यापासून धाकट्यापर्यंत
पंगतीला बसवायचं खळ लावून.

सासवडकडून रक्त आलं एसटीच्या कंडक्टरबरोबर,
बर्फाच्या डब्यात. वनखात्याची चिठ्ठी:
मेंढ्या सात. जनावर फाशात सापडले.
लांडगा की कुत्रा, ते कळवावे.
लांडगा असल्यास भरपाई देय.

अठ्ठ्याहत्तर.
आठवडाभर कापत होते. पुन्हा अठ्ठ्याहत्तर.
लांडग्याची तेवढी, कुत्र्याची तेवढी,
कोल्ह्याची, कोळसुंद्याचीसुद्धा तेवढीच,
बारीक बारीक, कण्यांसारखी,
जोडी लावताना डोळ्यांतून पाणी यायचं.
सरांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला:
केवळ संख्येवरून सांगता येत नाही.

मग ज्याच्या मेंढ्या तोच आला. बिरू कोकरे.
घोंगडी दाराबाहेर ठेवली, वहाणा तिच्यावर,
आणि नळीला डोळा लावून खूप वेळ वाकून राहिला.
एवढंसं? म्हणाला.
मग माझ्याकडं वळून,
बाई, कुत्रं मारतं आन् टाकतं.
लांडगा मारतो आन् नेतो.
सातातल्या दोन मला घावल्याच न्हाईत.
तुमच्या मोजणीत नेलेलं दिसत न्हाई व्हय?

सर चष्मा पुसत राहिले.

पुढच्या वर्षी, अधिक ज्येष्ठात,
सैन्यातल्या कुणा डॉक्टरनं लडाखहून
लाल खोकडाचं रक्त आणलं, चहाच्या थर्मासात.
आपल्या माळावरच्या खोकडाची साठ.
ह्याची चौतीसच. पण ऐसपैस, कापायला सुख.
सतरा जोड्या झाल्या, पंगत उठली म्हणावं
तर खाली उरले ठिपके. चार.
पुढच्या पेशीत पाच. तिच्या पुढचीत तीन.
जनावर तेच, थेंबही तोच.

काय काम असतं ह्यांचं, सर?
माहीत नाही. आगाऊ आहेत. बोलावलं नाही तरी येतात,
पिलांमध्येही जातात. चिकटवा तळाच्या ओळीत.

शेजारच्या टेबलावर चित्रा अनारशांचा डबा उघडून बसली होती,
जावयाला तेहतीस देऊन उरलेले.
अधिकात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही,
नुसता मध्ये येऊन बसलेला महिना,
पण तो नसता तर दिवाळी
सरकत सरकत उन्हाळ्यात गेली असती.
मी खळीचं बोट तसंच धरून विचार करत होते,
हे चार ठिपके कुठली दिवाळी धरून ठेवतात.

संध्याकाळी डेक्कनच्या स्टॉपवर
मनगटावर काहीतरी काळं दिसलं.
पाचवा होता.
खोकडाचा एवढासा तुकडा, खळीनं चिकटलेला,
पीएमटीत दांडी धरून माझ्याबरोबर पर्वतीपर्यंत आला.
मी झटकला नाही.

सकाळी सरांना सांगितलं, काल मोजणी चुकली.
ते हसले. म्हणाले, खोकडाचंच जिथं ठरत नाही
तिथं तुमचं काय मनावर घ्यायचं?
चाराचे पाच केले, पुढे सही केली.

बिरूच्या कागदावर मात्र खाडाखोड नव्हती.
आकडा एकच, प्रत्येक पेशीत तोच,
कुठं बोट ठेवायला जागा नाही,
म्हणून ती फाइल मी असेपर्यंत मिटली नाही.
तिच्यात पेन्सिलीनं कुणीतरी, अक्षर माझं नव्हे,
समासात लिहून ठेवलं होतं:
पाच मेल्या. दोन नेल्या.