बांधालगतच्या दोन ओळी

मोहप्याच्या अलीकडे, फाट्यावरून आत,
मी वर्षातून एकदा येते.
पिशवीत नमुन्याची पाकिटं,
आणि एक फॉर्म, ज्यात माती मावत नाही.

चंद्रकला कामडी फाटकापाशी उभ्या.
"या बाप्पा, परीक्षा घ्याले आल्या."
तपासणीला आलेल्यानं चहा घ्यायचा नसतो.
मी नको म्हणते, त्या ओततात.

तीन वर्षं झाली त्यांनी फवारणी सोडली.
पहिल्या वर्षी कोळशीनं बाग अशी काळवंडली
की पानाला बोट लावावं तर काजळ.
अर्धा बहार झाडाखालीच निजला.
दुसऱ्या वर्षी निंदायला बाया मिळेनात,
सगळ्या कपाशीत, तिथं रोज जास्त.
गवत गुडघ्याला लागलं.
शेणा-मुताच्या टाकीचा वास थेट ओसरीवर;
मुक्कामाला आलेले जावई
दुपारच्या एसटीनं परत.
हे त्या हसत सांगतात.
मी पेन टोपणात घालून ऐकते.

मग खुरप्यानं एक ढेकूळ उलटतात.
"पाहा."
गांडूळ आत सरकतं, झोपमोड झाल्यासारखं.
माती मुठीत घेतली तर मुठीतच राहते,
तिला जुन्या कोठीतल्या दाण्यांचा वास.
औंदा पाण्याची एक पाळी कमी लागली म्हणे,
आणि एक भुरकट पाखरू परत आलंय,
त्याचं नाव त्यांच्या सासूला ठाऊक होतं.

बांधापलीकडे निखाड्यांची बाग.
पानं तेल चोपडल्यासारखी, फळं एका साच्यातली.
पाठीवर पंप घेतलेला बंडू निखाडे हात हलवतो.
माणूस वाईट नाही.
यांची मोटर जळली त्या उन्हाळ्यात
बारा दिवस त्याच्या विहिरीचं पाणी
याच बांधावरून आलं,
ज्यावरून आता त्याचं औषध येतं.

लॅबचा कागद माझ्यापाशी आहे.
बांधालगतच्या दोन ओळी: अंश आढळला.
टिंबानंतर शून्यंच शून्यं,
आणि शेवटी, दाराआड लपलेल्या पोरासारखा,
एक आकडा.
"वाऱ्याले सातबारा कुठं रायते, बाई?"
उत्तर छापील आहे, पान चौदा.
मी ते वाचून दाखवत नाही.
लिहिते: दोन ओळी वगळून.

माझ्या बाबांचं इतवारीत दुकान होतं.
औषधच म्हणायचे सगळे त्याला.
त्या डब्यांच्या वासात मी पाढे पाठ केले,
त्याच वासातून कॉलेजची फी भरली,
माती शिकले.
शेवटी त्यांना खोकला होता, तो कशाचा,
कुणी तपासलं नाही. विडीही होतीच.

कळमन्यात व्यापारी यांच्या ढिगाला
पायानंच 'छाटणीचा माल' म्हणतो.
रामदासपेठेच्या रविवारच्या बाजारात
चष्मेवाली बाई फळ फिरवून फिरवून बघते:
डाग कशाचे? इतकं लहान?
आणि भाव मात्र दुप्पट?
तोवर तिच्या पोरानं दुसरं सोललेलं असतं,
रस कोपरापर्यंत.
चंद्रकलाबाई बाईला काही सांगत नाहीत,
पोराला तिसरं देतात.
अशानं हिशेब कसा जुळायचा?
तो काही जुळलेला मी पाहिला नाही.
शेत मात्र त्यांनी परत फवारलंही नाही.

निघताना पिशवीत पाच संत्री पडतात.
"त्या दोन ओळीतले व्हय.
हे तं तुमच्या कागदातच नाहीत,
मंग नियमात कसे अडकन?"

काटोल नाक्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली.
दिवे लागत होते. एक सोललं.
आंबट, मग गोड, मग पुन्हा थोडं आंबट.
टिंबानंतरचं काही
जिभेला लागलं नाही.
बोटांना सालीचा वास, तो रात्रभर राहिला.
बिया हातात उरल्या,
फेकायच्या आधी मोजल्या, सवयीनं.
सात.