बुडखे

बोटभर बुडखा ठेवायचा, मुळांसकट.
पांढऱ्या मिशा पाण्यात, मान पाण्याबाहेर.
एवढंच. याला काही विद्या म्हणत नाहीत,
तरी मी ते चाळिशीत शिकले,
ॲबर्डीनला, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे डिसेंबरात साडेतीनलाच दिवस आवरतं घेतो
आणि करड्या दगडी धुराड्यांवर
सीगल रात्रभर भांडतात.

शिकवलं खालच्या मिसेस मच यांनी.
माझ्या कचऱ्याच्या डब्यातून लीकचा बुडखा उचलून
अंगठ्यानं दाबून पाहत म्हणाल्या,
"अगं, हा अजून गेलेला नाही."
तेहतीस वर्षं नर्स होत्या त्या.
मी हात पुसून खुर्ची पुढे केली.

तेव्हापासून खिडकीत लोणच्याच्या, जॅमच्या बरण्या,
पाणी प्यायचे दोन पेलेसुद्धा.
पातीचे कांदे सहा.
सेलरी बशीत मांडी ठोकून.
पुदिन्याची काडी, ती कुठेही संसार मांडते.
कोथिंबीर मात्र मानी:
तिसऱ्या दिवशी मान टाकली, पाणी नासवून गेली.
आल्याचा तुकडा दोन महिने मातीत,
उकरून पाहावं तर डोळे मिटलेले.

श्रीरंग समुद्रात असतो.
दोन आठवडे तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, दोन आठवडे घरी.
पातही दोन आठवड्यांत वीतभर होते.
हे मी मुद्दाम जुळवलं नव्हतं,
पण जुळल्यावर मोडवेना.
तो आला की कापायची, पीठ पेरून भाजी करायची.
आम्हाला पेरायला तेवढंच, डाळीचं पीठ.

मृण्मयीनं बशीत गाजराचा शेंडा ठेवला
आणि वर्गात सांगून आली, आमच्याकडे गाजर येणार.
आली पिसांसारखी पानं.
ती रोज उठून आधी शेंडा उचलून खाली बघायची.
शेवटी सांगितलं:
गाजर नाही येत गं, पानंच येतात.
"मग ते गाजर नाहीच."
आहे, पण गाजर एकदाच.
"मग उगवतंय कशाला?"
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी समुद्रावरून धुकं आलं
आणि हेलिकॉप्टरं बसून राहिली.
मंगळवारचा बुधवार झाला, बुधवारचा शुक्रवार.
पात कमरेत वाकली, शेंडे पिवळे पडले.
मिसेस मच म्हणाल्या, काप आता, वाया जाईल.
मी कापली नाही. पाणी बदललं,
दिवसातून दोनदा, गरज नसताना.

तो आला शनिवारी, रात्री बारा वाजून गेल्यावर.
आम्ही झोपलोय म्हणून दिवा न लावता
स्वयंपाकघरात गेला,
खिडकीतला हाताला आला तो पेला तोंडाला लावला.
थूऽ! असा आवाज, की खाली मिसेस मच जाग्या झाल्या.
दिवा लावला तर हा उभा,
बूट पायात, मिशीवर मुळांची तार,
"हे काय पाजतेस मला?"
मृण्मयी दारात, डोळे चोळत,
पण अगदी गंभीर:
"बाबा, ते त्यांचं पाणी आहे."

हसून हसून माझ्या डोळ्यांत आलं ते
कांद्यावर ढकललं.
मग रात्री एक वाजता पात कापली.
तिसरी खेप. पूर्वीसारखी झोंबत नाही,
नुसत्या पाण्यावर किती दिवस काढणार तीही.
मीठ थोडं वाढवलं, एक मिरची जास्त घातली.
पावाशी खाल्ली त्यानं, कढई पुसून,
आणि काही म्हणाला नाही.

बुडखे तेवढे धुऊन ठेवलेत.
उद्या माती आणायची, मोठी कुंडी,
यांना आता जमीन दाखवायची.
एका कोपऱ्यात गाजराचा शेंडाही लावायचा:
मिसेस मच म्हणतात, उन्हाळ्यात त्याला
पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं येतात.

मृण्मयीला हे अजून सांगितलेलं नाही.