पालकसभा, सकाळी सव्वाअकरा

वरून आलेला तक्ता आहे, सहा चेहऱ्यांचा.
आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य.
सगळे गोरे, गोल, नाक नसलेले.
चौथीच्या वर्गात खिळ्याला टांगला
आणि विचारलं, आज तुम्ही यातले कोण?
भीमाशा बराच वेळ बघत राहिला.
"यातला कुणीच आमच्या गल्लीतला नाय, बाई."

संध्याकाळी सहाच्या सभेला तिघं यायचे,
त्यातले दोघं दाखल्याची चौकशी करायला.
मी रजिस्टरात लिहायची: पालक उदासीन.
पेन एकच, अक्षर वळणदार.

मग एकदा पहाटे तुर्भ्याच्या मार्केटात गेले
तर निम्मा वर्ग तिथे.
म्हणजे वर्गाचे बाप.
पाठीवर पन्नास किलोची गोण,
आणि खालून सर्जेरावांचा आवाज:
"नमस्कार बाई. हात जोडता येत न्हाईत, राग मानू नका."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तेव्हापासून सभा सव्वाअकराला.
माथाडी मोकळे झालेले असतात,
रात्रपाळीचा वॉचमन अजून झोपायचा असतो
आणि नाक्यावर ज्यांना आज काम मिळालं नाही
त्यांना तर वेळच वेळ.

मी तक्ता उलटा टांगला, पाठकोरा.
म्हटलं, पोर चिडलं की घरी काय करता?
"मारतो," चारपाच जण एकदम म्हणाले.
हसले.
मग पंखा ऐकू येईल इतके गप्प झाले.

शबिस्ताची अम्मी बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
"खड़ी हो तो बिठा देते. फिर पानी."
घणसोलीहून लग्न होऊन आलेली यामिनी म्हणाली,
"आमचे पोरीला मी कोलंबी सोलाला बसवतंय.
शंभर सोलल्या का राग जातो.
नाय गेला, त कोलंबी तरी झाली."
डंबरबहादूर म्हणाले, गावाकडे आम्ही डोंगराकडे तोंड करून ओरडतो.
इथला डोंगर खाणवाल्यांनी निम्मा नेला,
तरी आवाज परत देतो बिचारा.

"तो निम्मा आमीच फोडला," भीमाशाची आई म्हणाली.
पहिल्यांदाच बोलली. दाराशीच उभी होती, चप्पल हातात घेऊन.
"दगडाला आधी हात लावून बघत्यात, बाई.
शीर कुठनं गेलीय ती.
नुसताच घाव घातला तर छन्नी तुटती, दगूड तसाच.
भीम्याच्या पाठीवर हात ठिवा अगुदर. मग काय ते विचारा."

माझ्याकडे प्रशिक्षणाची चार प्रमाणपत्रं आहेत,
लॅमिनेट केलेली.

सभा संपत आली असं मला वाटलं.
सर्जेराव उठता उठता म्हणाले,
"आन् बाई, तुमच्या घरी?"

माझ्या घरी.
माझी मुलगी नववीत आहे.
ती दार लावून घेते, मी वह्या तपासते.
दोघींना जेवण लागतं, म्हणून नऊ वाजता दार उघडतं.
हे मी सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही.
कुणी हसलं नाही.
कुणी "होतं असं" पण म्हणालं नाही, ते बरं झालं.
यामिनीने फक्त पिशवी उचलली:
"मंग कोलंबी आणा ना."

आणली. अर्धा किलो, नाक्यावरून.
वर्तमानपत्र पसरलं हॉलमध्येच, मुद्दाम.
मला नीट सोलता येत नाही,
दोन डोकी आख्खी तुटली, बोटाला काटा लागला.
बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.
"एवढी कशाला? कोण येणारे?"
मी सरकले थोडी.

अर्ध्या किलोत शंभर होत नाहीत.
अडतीस.
त्यातल्या सतरा तिने सोलल्या,
एक शब्द न बोलता,
माझ्यापेक्षा फार नीट.