चवीपुरतं

चवीपुरतं म्हणजे किती, ते कुणीच लिहीत नाही.

मी ग्डीनियाच्या गोदीत वेल्डर, सव्वीस वर्षं.
तिथं कागदावर मिलिमीटर असतात,
जोड कच्चा राहिला तर एक्स-रे चुगली करतो.
इथं वहीत बोजेनाचं तिरकं अक्षर:
पीठ थोडं. लसूण जरा जास्त. मग थांब.
किती थांबू?
पुढं पानावर नुसता तेलाचा डाग.

ती नॉर्वेत, मासे कापायच्या कारखान्यात.
ऑक्टोबरपासून घरात दोघंच,
मी आणि कालिना, वय नऊ.
पहिला महिना मी सॉसेज उकडली.
दुसऱ्या महिन्यात तिनं काटा खाली ठेवला,
म्हणाली, बाबा, आज वार कोणता?
ताटावरून कळत नाही.

कांदा जाळला. पुन्हा जाळला.
यादविगाकाकू पदार्थाचं नाव न विचारता
जिन्यातूनच ओरडल्या,
आच कमी कर रे, जहाज नाही बांधायचंय!

आच.
आच तर मला कळते.
पोलाद तापतं तेव्हा आधी वाळल्या गवताचा पिवळा,
मग तपकिरी, जांभळा, आणि मग तो निळा
जो दिसला की उशीर झालेला असतो.
हे मोजून नव्हतं शिकवलं कुणी.
म्हातारा फोरमन मागं उभा राहून
एवढंच म्हणायचा: बघत राहा.

कढईपाशी स्टूल ओढलं. बघत राहिलो.
पांढरा. काचेसारखा. कडेला गवताचा पिवळा,
इथं.
इथंच ज्योत बारीक.
कालिना गृहपाठ सोडून आली, नुसत्या वासाला.

मग हाव सुटली, झुरेक करायचं ठरवलं.
राईचं पीठ, कोमट पाणी, ठेचलेला लसूण,
बरणीला फडकं बांधून खिडकीत.
पहिल्या बरणीवर गुलाबी बुरशी धरली, फेकली.
दुसरीला तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले.
कालिना बरणीला कान लावून बसायची:
बोलतंय, बाबा. हळू बोलतंय.
पाचव्या दिवशी आंबट झालं,
घाई करून झालं नसतं ते.

मीठ घातलं. चाखलं. घातलं.
तिसऱ्यांदा चमचा तोंडात होता
आणि हात मिठाकडे गेलाच नाही.
का, ते विचाराल तर सांगता येणार नाही.

आईसारखं नाही, कालिना म्हणाली,
आणि पावानं वाडगा पुसून घेतला.

रविवारी बोजेनाचा फोन.
इकडे सगळं गोडूस लागतं, म्हणाली,
झुरेक करावं म्हणते, पण वही तिकडे राहिली.
पीठ किती घालू?

मी तोंड उघडलं. तोंडात आकडा नव्हता.
ठिणग्यांनी टिपलेला हात समोर धरला,
बोटं मिटली, उघडली.
फोनवर समुद्रपक्षी कलकलत होते, तिच्याकडचे की आमचे कोण जाणे.
माझ्या मुठीनं सांगू,
की तुझ्या?