आजव्याची पातळी

ऑगस्ट लागला की आमच्या घरात दोन हवामानखाती उघडायची.

अनूआत्या सहाला रेडिओ कानाशी धरून
आजव्याची पातळी ऐकायची: दोनशे अकरा फूट.
"आलं," म्हणायची. एवढंच.
आणि गव्हाचा डबा ओट्यावरून फळीवर,
फळीवरून कपाटावर,
जणू पाणी एकेक पायरी तिच्या मागेच चढतंय.

तेवढ्यात पद्माकरकाका लीलो चिवडा चघळत
काळाघोड्याच्या पुलावरून नदी बघून आलेला असे.
"मगरी ऊन खातायत काठावर. शेपटीसुद्धा ओली नाही.
विश्वामित्री आपली गरीब बाई गं,
तिचं कारेलीबागेत काय काम?"

मी दोघांच्या मधली.
परीक्षेला निघाले की आत्या चार पेनं द्यायची.
एक सुकेल, एक गळेल, एक कुणीतरी मागून नेईल.
चौथ्याचं काय होईल ते तिनं कधी सांगितलं नाही.
काका म्हणायचा, एक पुरे,
शाईच्या आधी पेपर संपेल.

त्या वर्षी पाणी रात्री आलं.
आधी मोरीतून बुडबुड, मग उंबऱ्याखालून
जिभेसारखं पातळ,
मग कुणालाच न विचारता.
लाइट गेली. काका म्हणाला, "पहाटेपर्यंत उतरेल."
गुडघ्याला लागलं. "फार तर सहापर्यंत."
मांड्यांपर्यंत आलं तेव्हा तो काही बोलला नाही.
जिना चढताना त्याच्या हातात चपला होत्या,
दोन्ही उजव्या पायाच्या.

उजाडता उजाडता गच्चीवर हर्षिदाबेन ओरडल्या, "जुओ, जुओ!"
फाटकातून, जिथून दूधवाला येतो तिथून,
एक मगर आत आली.
घाई नाही, गडबड नाही,
पत्ता शोधत आलेल्या पाहुण्यासारखी
ब्लॉक नंबर सातसमोर थांबली.

मी आत्याकडे पाहिलं.
चाळीस वर्षं ही बाई मगर येणार म्हणत होती.
तिच्या लग्नाचा फोटो मी पाहिलाय,
त्यातही ती इतकी खुललेली नाही.
"बघ पद्मा," ती म्हणाली, "आली की नाही?"
माहेरचं कुणी आल्यासारखं.

काका कठड्याला टेकून खाली बसला.
मग फार हळू:
"ताई, चहा होईल का?"

झाला.
टाकीच्या मागून, जुलैपासून दडवलेलं सगळं निघालं:
स्टोव्ह, तीन पिशव्यांत गुंडाळलेली काडेपेटी,
साखर, दूधपावडर, बटाटे, मीठ चार किलो,
आणि अकरा कप.
आम्ही तिघं.
तिच्या वाईटाच्या हिशेबात अख्खा जिना मोजलेला होता.

मी त्या मिठाकडे बघत राहिले.
सगळं बुडणार म्हणणारी बाई
वर्षभराच्या भाज्यांना पुरेल एवढं मीठ कुणासाठी ठेवते?
आणि काही होत नाही म्हणणाऱ्या काकानं
कधी एक मेणबत्ती घेतली नव्हती.
उद्यावर एवढा विश्वास,
की त्याच्यासाठी खिशातून दोन रुपये नाहीत.

हे मी तिसऱ्या दिवसापर्यंत मानत होते.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घरात घोटाभर गाळ,
देवांच्या तोंडात गाळ, शिलाई मशीनच्या पोटात गाळ.
आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली ती उठेना.
येईल येईल म्हणून जे धरून ठेवलं होतं
ते येऊन गेलं होतं,
आणि तिचे हात मोकळे झाले होते, भयंकर मोकळे.

काकानं धोतर खोचलं. फावडं मागून आणलं.
पहिली पाटी उचलून नाकाशी धरली.
"काळाशार आहे गं ताई. वांगी काय लागतील यात!"

लागली. कडू निघाली,
पण लागली.

पुढच्या ऑगस्टात रेडिओ: दोनशे अकरा फूट.
"आलं," आत्या म्हणाली.
"छे," काका म्हणाला,
आणि तिच्या पायाखालचं स्टूल
दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.

चौथं पेन अजून माझ्याकडे आहे.
लिहितं.