पालुपद

आटपाडीकडून चौदा पिशव्या आल्या.
प्रत्येकीत एक डाळिंब, सालीवर तेलकट काळा डाग,
डागाच्या मधोमध तडा,
आणि पिशवीवर मार्करनं गाव :
झरे, दिघंची, खरसुंडी, नेलकरंजी,
एकीवर नुसतंच ‘शेंडग्यांचा माळ’.

बशीत वाढवले तेव्हा सगळे सारखेच पिवळे,
मधासारखे चिकट.
नाझनीन म्हणाली, तोंडावरनं काही कळायचं नाही,
बोलतं करायला हवं.

जिवाणूच्या लांबच लांब मजकुरात
मधूनमधून तेच ते तुकडे येतात,
त्यांचा अर्थ अजून कुणाला नीट लागलेला नाही.
जसा आमचा बिरूमामा
दर दोन वाक्यांनी म्हणतो, ‘काय म्हंत्यात त्येला’.
कशाला काय म्हणतात ते तो कधीच सांगत नाही,
उत्तरासाठी थांबतही नाही,
पण अंधारात, खरखरत्या फोनवर
तेवढ्यावरनं ओळखू येतो.
पालुपद पुष्कळांचं एकच असतं.
दोन पालुपदांमधलं अंतर मात्र घराण्याघराण्यात बदलतं.
आम्ही ती अंतरं मोजतो. एवढंच.

पहिल्या दिवशी सांगलीची वीज गेली,
तुकडे अर्ध्या वाटेत विरघळले.
शनिवारी पुन्हा ओतलं, पुन्हा पळवलं,
लहान पुढं गेले, थोराड मागं रेंगाळले,
आणि जांभळ्या उजेडात
चौदा रकाने नारिंगी पेटले.
अकरा हुबेहूब.
तीन निराळे.

थेंब उडून उडून उडणार किती?
शेजारच्या बांधापर्यंत.
रोपं तर पाच रोपवाटिकांतली.
मग मी छाटणीच्या तारखा मागवल्या.
झरे पाच, खरसुंडी नऊ, दिघंची चौदा…
अकरा बागा, एक टेम्पो,
सतरा माणसं, बावीस कात्र्या,
मुकादम बिरू लेंगरे.

उरलेल्या तिघांनी घरच्या घरी छाटलं होतं,
वेडंवाकडं.
त्यातल्या एकीला मामा गेल्या साली हसला होता.

मामाला बोलावून घेतलं.
फोटो दिला, काही सांगितलं नाही.
त्यानं तो आडवा धरला, उभा धरला,
बोटानं पट्ट्यांवरनं फिरत गेला
जसा बाजारात काठ बघतो.
म्हणाला, ‘ही तर एकाच मागावरची घोंगडी.’
मग म्हणाला, ‘कुणाचा माग?’

मी त्याच्या पिशवीकडं पाहिलं.
कात्री त्यानं स्वतःच काढून टेबलावर ठेवली,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
पातं आरशासारखं.
रोज रात्री तेल लावतो म्हणाला.
नाझनीननं कापूस फिरवला.
पंधरावा रकाना मंगळवारी आला,
तो कसा आला ते लिहीत नाही.

अहवालात एक चौकट असते : संभाव्य स्रोत.
मी लिहिलं, छाटणीची अवजारं.
माणसाचं नाव विचारलेलं नव्हतं.

तेव्हापासून त्याच्या कमरेला डबडं लटकतं.
एक झाड, एक बुचकळी,
एक झाड, एक बुचकळी,
सतरा जण, दिवसभर,
आणि दिवसाला चाळीस झाडं कमी होतात,
म्हणून पोरं कुरकुरतात.

परवा झऱ्याहून फोन आला,
मागं कात्र्यांची कचकच.
‘डब्यातलं संपलं बघ,
त्ये… काय म्हंत्यात त्येला?’
आणि थांबला.
पहिल्यांदाच थांबला.
मी सांगितलं, सोडियम हायपोक्लोराइट.
‘हां,’ म्हणाला, ‘त्येच. सोड्याचं पाणी.’