तुम्ही लोक

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलच्या कारखान्याच्या माडीवर
मी परदेशची पत्रं वाचून देतो.
निवृत्तीनंतरचं काम. महिना नऊ हजार,
आणि हात पुसायला कायम नवा टॉवेल,
कडेची शिवण चुकलेला.

हरिप्रिया वडनाल उत्तरं टाइप करते.
काल तिनं खुर्ची वळवली:
सर, हे यॉल कोण?
जॉर्जियाच्या बाईंनी लिहिलं होतं,
यॉल, रंग झकास उतरलाय.
तिला वाटलं, आपल्याकडं कुणी त्या आडनावाचं आहे.
यन्नम, येमूल, यॉल.
कानाला बसतंही.

छत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो:
यू म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही,
समोर एक पोरगं असो की अख्खी दहावी ब.
त्यांच्याकडंही एक तू होता, सांगितलं तिला.
आता तो जुन्या प्रार्थनांत राहतो,
बाहेर फारसा येत नाही.
ज्याला त्याला मान देता देता
तुम्ही इतका वाटला गेला
की चारचौघांना हाक मारायला काही उरलंच नाही.
मग ज्याला जे सुचलं ते त्यानं मागं जोडलं.
कुठं यॉल, कुठं यूज,
पोरींच्या घोळक्यालाही यू गाइज.

हे चाललं होतं तेव्हा
खालून रियाजभाई नदाफ ओरडला,
तुमलोगां चाय पीते क्या?
हरिप्रिया फोनवर आईला म्हणत होती,
मीरंदरू तिनेयंडि, मला उशीर आहे.
आणि मी, व्याकरणाचा माणूस,
जिन्यात वाकून म्हणालो,
तुम्ही लोक व्हा पुढं.

लोक!
तुम्ही तर मुळातच अनेकवचनी होतं की.
ते आपण शेठला दिलं, व्याह्याला दिलं,
पतपेढीतल्या त्या खडूस कॅशियरलाही दिलं,
आणि खरोखरचे चारजण समोर आले
तेव्हा शेपूट लावायची वेळ आली.
जॉर्जियाच्या बाईंना नावं कोणत्या तोंडानं ठेवू?

सोलापूरकडं याला एक तोड आहे म्हणा.
कन्ना चौकात कुणी 'काय बे' म्हटलं
की एक मान वळते, नाहीतर अकरा.
पाढ्यात बे म्हणजे दोन,
चौकात बे म्हणजे जितके उभे असतील तितके.
पण हे ईमेलात कसं बसवायचं?

मागच्या महिन्यात आमची एक चूक झाली.
ओरेगॉनच्या गिऱ्हाइकानं लिहिलं,
नमुना रॉबिनसाठी हवाय, दे लाइक ब्लू.
हरिप्रियानं दे मोजले
आणि दोन निळे टॉवेल पाठवले.
उत्तर आलं: रॉबिन एकच आहे,
दे म्हटलेलंच त्यांना बरं वाटतं.
दुसरा टॉवेल ठेवून घेतो, आभार.

हे चूक आहे, मी म्हटलं. कर्ता एक, सर्वनाम अनेक.
लाल पेनाचं टोपण निघालंसुद्धा होतं.
ती म्हणाली, सर, आमची आई बाबांना ते म्हणायची.
ते आले. ते जेवले. ते निजले.
बाबा तर एकटेच होते.
लूमच्या रात्रपाळीहून आले की अर्धेच.

मी टोपण लावलं.
माझ्या घरी अहो म्हणणारं माणूस गेलं
त्याला तीन वर्षं झाली.
तेव्हापासून मी एकवचनात आहे,
हे तिला सांगितलं नाही.

यॉल लिहू का मग उत्तरात? तिनं विचारलं.
लिही. पण मधला तो वर लटकलेला स्वल्पविराम विसरू नकोस.
तिथून दोन अक्षरं गळालीत.
उसवू नये म्हणून टाका घातलाय.

तिनं घातला. पाठवलं.
रियाजभाईनं तिसऱ्यांदा हाक मारली,
तेव्हा आम्ही चहाला खाली उतरलो.
आपण नाही, आम्ही.
तुम्ही लोक तिथं नव्हता.